जुनी प्लेट आणि नवी फिल्म

अमरावती, मंगळवार, ४ जानेवारी १९३८

मुंबईच्या पेढीचे एजंट बापूसाहेब काल दुकानी येऊन गेले. सुटाबुटातला माणूस, बोलायला गोड, चहा दोनदा घेतला. जाताना नव्या फिल्मचे डबे ठेवून गेले. म्हणाले, "मोरोपंत, जुन्या काचेच्या प्लेटीवर आणि या फिल्मवर एकच चेहरा दोन महिने काढत राहा. छाप मला दाखवा. ज्याचं काम चोख, त्याला वऱ्हाडची एजन्सी." मी खूश झालो. मग बुटाची नाडी बांधता बांधता त्यांनी सांगितलं की असेच डबे अकोल्याला जठारपेठेत रऊफमियांकडेही दिले आहेत. हे आधी सांगितलं असतं तर दुसरा चहा मी दिला नसता.

जुन्या प्लेटीचं दुखणं मी पंधरा वर्षं सोसतो आहे. तांबडं आणि पिवळं तिला दिसत नाही. लाल लुगडं काळं येतं, कुंकू काळं येतं, सोन्याच्या पाटल्या लोखंडाच्या वाटतात. हळदीचा डाग म्हणजे शाईचा डाग. गव्हाळ मुलगी सावळी येते आणि तिचा बाप माझ्याशी भांडतो. नवी फिल्म म्हणे सगळे रंग पाहते. तिला धुताना लाल दिवादेखील चालत नाही, पूर्ण अंधार लागतो. एवढे नखरे आहेत तर काम दाखवलं पाहिजे.

चेहरा तोच हवा, खुर्ची तीच, खिडकी तीच. गिऱ्हाईक काही दर मंगळवारी फुकट येऊन बसणार नाही. म्हणून हिला, म्हणजे आमच्या सौ.ला बसवायचं ठरवलं. दुकानामागेच घर आहे, हाक मारली की येते. आज म्हणाली, "माझाच काहून?" लग्नाला दहा वर्षं झाली, पण 'का'ऐवजी अकोल्याचं 'काहून' काही सुटत नाही.

मंगळवार, ११ जानेवारी

दोन्ही छाप वाळले. जुन्या प्लेटीवर ही सावळी, नव्या फिल्मवर गोरी. अपेक्षेप्रमाणे. कुंकू मात्र नव्या फिल्मवर इतकं फिकं येतं की कपाळ रिकामंच वाटतं. गिऱ्हाइकं बोंब मारतील. ब्रशने काळं करून द्यावं लागेल.

हिने दोन्ही छाप हातात घेऊन पाहिले. मग म्हणाली, "संक्रांत झाली की चार दिवस अकोल्याले जाऊ द्या. अंग मोडून आल्यासारखं वाटून राहिलं." मी सांगितलं, दोन महिने माहेर नाही. मध्ये एक मंगळवार चुकला तर सगळं काम वाया जाईल. बायकांना प्रयोग म्हणजे काय ते कळत नाही.

मंगळवार, १८ जानेवारी

संक्रांतीने वैताग आणला. रोज कोणाकडे तरी हळदीकुंकू. या बायका एकमेकींच्या तोंडाला, हाताला हळद फासतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खुर्चीत येऊन बसतात. आज जुन्या प्लेटीवर हिचा चेहरा गेल्या खेपेपेक्षा स्पष्ट काळपट आला. मी रागावलो. प्रयोगाच्या दिवशी हळद लावायची नाही म्हणून बजावलं. ही म्हणते, "मी तीन वेळा तोंड धुतलं जी." धुतलं असतं तर निघाली नसती का?

नव्या फिल्मवर चेहरा अगदी टवटवीत. बापूसाहेब हाच छाप पसंत करणार.

जेवताना हिने ताट बाजूला सारलं. तिळगुळाने पोट बिघडलं असणार. चार घरी जाऊन चार ठिकाणी खायचं, मग दुसरं काय होणार?

मंगळवार, २५ जानेवारी

आज जुन्या प्लेटीने हद्द केली. चेहरा काळपट तर आलाच, पण डोळ्यांचा पांढरा भागही करडा आला. बुबुळ कुठे संपतं ते शोधावं लागतं. माणसाचे डोळे असे कधी येत नाहीत. अर्थ उघड आहे, प्लेटा शिळ्या आहेत. या प्लेटा मी रऊफमियांकडून घेतो, वऱ्हाडात त्याच्याचकडे मिळतात. एजन्सीसाठी आम्ही दोघे उभे आहोत आणि नेमका आत्ताच मला शिळा माल यावा? मी दूधखुळा नाही.

नवी फिल्म पुन्हा उत्तम. पांढरं पांढरं, काळं काळं.

ही आज खुर्चीत डुलक्या घेत होती. मी काळ्या कापडाखालून ओरडलो तेव्हा दचकली. कॅमेऱ्याच्या काचेवर माणूस उलटा दिसतो, त्यामुळे झोप लागली की हसतो आहे ते पटकन समजत नाही.

मंगळवार, १ फेब्रुवारी

आज भांडण झालं.

फोटोंना रंग भरायचं काम हीच करते. काळ्यापांढऱ्या छापावर कापसाने गाल गुलाबी करायचे, शालू हिरवा करायचा, नथीला पिवळा ठिपका द्यायचा. बापूसाहेब सांगत होते की विलायतेत आता फिल्मच रंग धरते. येईल तेव्हा येईल, तोवर आमच्याकडे ही आहे. हात हलका आहे, हे मी कबूल करतो. दर्यापूरचे लोक तर तिने रंगवलेल्या फोटोसाठी माझ्याकडे येतात.

तर नव्या फिल्मवरचा हिचा एक चांगला छाप मी तिला रंगवायला दिला होता. दुपारी पाहतो तर हिने गालांना गुलाबी लावलाच नव्हता. सगळ्या चेहऱ्यावर पिवळा हात फिरवलेला. आणि डोळ्यांत, पांढऱ्या भागात, बारीक ब्रशने पिवळा भरलेला. दोन्ही डोळ्यांत.

मी म्हटलं, "हे काय केलं? नथीचा ब्रश डोळ्यांत घातला?"

ही म्हणाली, "आरशात पाहून भरला. दिसते तसा."

"कंदिलाच्या उजेडात आरसा पाहिलास तर सगळंच पिवळं दिसणार."

"सकाळी अंगणात पाहिला मी. तुमी या ना अंगणात एकदा."

माझं डोकं फिरलं. मी ओल्या कापसाने सगळा रंग पुसला आणि छाप वाचवला. डोळे पांढरे केले, गाल मीच गुलाबी केले. ही पाहत उभी राहिली होती. मग आत निघून गेली. अंगणात जायला मला वेळ नव्हता, कापूस-जिनचे दोन शेठ ग्रुप फोटोसाठी येऊन बसले होते.

बुधवार, ९ फेब्रुवारी

काल मंगळवारचे फोटो उरकून दुपारच्या गाडीने अकोल्याला गेलो. बडनेऱ्याला गाडी बदलताना कापसाच्या गठ्ठ्यांनी फलाट भरलेला, बसायला जागा नाही. जठारपेठेत रऊफच्या दुकानात शिरलो आणि त्या करड्या डोळ्यांचे छाप त्याच्यासमोर टाकले. म्हटलं, "हा माल विकता?"

त्याने चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "पंत, डबा सीलबंद होता ना? मंग मले काहून बोलून राहिले? याच लॉटच्या प्लेटा मी रोज वापरून राहिलो. डोळे बरोबर येतात."

"माझ्याकडे येत नाहीत."

"मंग दुसऱ्या कोनाले बसवून पाहा. एकाच चेहऱ्यावर काय अडले तुमी?" आणि थोडं थांबून, "भाभीची तबियत ठीक आहे ना?"

हा डाव मी ओळखला. चेहरा बदलला की माझी दोन महिन्यांची मालिका मोडली, आणि याची तशीच राहिली. वर बायकोची तब्येत विचारतो! मी छाप गोळा केले आणि उठलो. तो दारापर्यंत आला होता, मी मागे पाहिलं नाही.

मुक्काम सासुरवाडीला केला. मेहुणा हरिहर शाळेत मास्तर आहे, घरी तो आणि सासूबाई. दोघांचे चेहरे उतरलेले. हरिहर म्हणाला, "मोरोपंत, गोदी कशी आहे? हळदीकुंकवात तिले पाहून आलेली एक बाई इथे भेटली. ती म्हणे, तुमची पोर पार सुकली. आई दोन दिवसांपासून माझ्या मागे लागली आहे. मी तुमच्यासंगंच येतो आणि तिले घेऊन येतो."

मी हसलो. बायकांना दुसरा उद्योग नाही. पिशवीतून नव्या फिल्मवरचा, मी स्वतः रंगवलेला छाप काढला आणि सासूबाईंच्या हातात दिला. म्हटलं, "ही बघा तुमची सुकलेली पोर. ताजा फोटो आहे."

म्हातारीने तो दाराशी उजेडात नेऊन पाहिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई! कशी गुलाबासारखी दिसून राहिली. उगाच लोक काही सांगतात." फोटो तिने देवाजवळ ठेवून घेतला. हरिहरची शाळेची तपासणी आहे, त्यालाही बरंच झालं. होळीनंतर नेईन म्हणाला. एका फोटोने दोन महिन्यांची कटकट मिटली. नव्या फिल्मची याहून मोठी शिफारस काय असणार?

घरी आल्यावर हिने पहिलं विचारलं, "कोणी आलं नाही?" मी सगळं सांगितलं. ही भिंतीला टेकून खाली बसली. फोटो सगळ्यांना आवडला हे सांगूनही चेहऱ्यावर काही आनंद नाही.

मंगळवार, १५ फेब्रुवारी

फोटो हलले. ही खुर्चीत बसल्या बसल्या सारखी हात खाजवते, मान खाजवते. "रात्रभर खाजून राहिलं," म्हणे. पाण्यात कडुलिंब टाकून आंघोळ कर म्हणून सांगितलं. तीन प्लेटा वाया गेल्या.

रथसप्तमी होऊन आठवडा झाला. हळदीकुंकू संपलं. जुन्या प्लेटीवर चेहरा आणखीच काळा आला आहे. म्हणजे हळदीचा दोष नव्हता. प्लेटाच वाईट, हे आता सिद्ध झालं.

मंगळवार, २२ फेब्रुवारी

ही आज उठलीच नाही. मी आत जाऊन म्हटलं, दोनच मंगळवार राहिले, आता हातपाय गाळू नकोस. माजघरात अंधार, काही दिसत नव्हतं. म्हणाली, "तुमचं झालं की मले अकोल्याले पाठवता ना? नक्की?" मी नक्की म्हणालो. मग उठली. भिंत धरून आली. फोटो काढला.

आता लिहिताना थोडं वाईट वाटतं आहे. एजन्सी मिळाली की हिला अकोल्याला महिनाभर पाठवीन. चांगलं लुगडं घेऊन देईन.

मंगळवार, १ मार्च

रऊफ खोटा आहे हे बापूसाहेबांना दाखवण्यासाठी मी आज जुन्या प्लेटीवर दुसरा चेहरा काढला. भांडी घासायला पार्बताबाई येते, तिलाच त्या खुर्चीत बसवलं. ती लाजून पदराने तोंड झाकत होती, तिला हसवून काढावा लागला. मग त्याच डब्यातली पुढची प्लेट लावून हिचा काढला. दोन्ही एका पाण्यात, एकदमच धुतल्या. लाल दिव्यात प्लेटा उजेडासमोर धरल्या.

प्लेटीवर सगळं उलटं असतं, पांढरं काळं येतं. पार्बताबाईच्या डोळ्यांचा पांढरा भाग प्लेटीवर गडद काळा होता. म्हणजे छापावर पांढरा स्वच्छ येणार. ती माझ्यापेक्षा काळी आहे, आणि तिचे डोळे उजळ. शेजारी हिची प्लेट. डोळ्यांच्या जागी जवळजवळ साधी काच.

डबा एकच होता. औषध एकच होतं. खिडकी एकच होती.

जुनी प्लेट पिवळ्याला काळं दाखवते, हे मी कोणालाही झोपेतून उठवून सांगितलं असतं. माझ्याच हाताने या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. प्लेट खराब नव्हती. ती दर मंगळवारी मला सांगत होती, दर मंगळवारी थोडं जास्त सांगत होती, आणि मी तिलाच शिव्या देत होतो.

मी हात न धुता आत गेलो. हिला धरून अंगणात आणलं, तोंड सूर्याकडे केलं. डोळे हळदीत बुडवून काढल्यासारखे होते. नखं पिवळी, जीभ पिवळी. हाताला मांस नाही. एवढी हलकी कधी झाली? मी इतक्या वेळा काढलेल्या फोटोंत हे कुठे होतं?

"कावीळ आहे ही," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "पार्बताबाई महिन्यापासून म्हणून राहिली. पण तुमी म्हटलं, हळद आहे."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

शनिवार, ५ मार्च

गोदावरीला अकोल्याला आणलं आहे. डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूला दाबून पाहिलं. म्हणाले, यकृत सुजून दगड झालं आहे, आधी दाखवायला हवं होतं. किती आधी, असं मी विचारलं. ते म्हणाले, आता ते विचारून काय करता?

पातूरहून कावीळ उतरवणारा माणूसही आणला. त्याने गळ्यात मुळ्यांची माळ घातली, नाकात थेंब सोडले. ज्या गोष्टींना मी जन्मभर हसलो त्या सगळ्या करून झाल्या. उसाचा रस, ताक, मुळ्याची पानं. तिच्या पोटात काही ठरत नाही.

सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. देवाजवळचा तो फोटो अजून तिथेच आहे.

गुरुवार, १० मार्च

आज थोडी शुद्धीवर होती. मला म्हणाली, "तुमचे मंगळवार बुडून राहिले." मी म्हटलं, बुडू देत. म्हणाली, "एजन्सी त्या मियाले मिळंल." मी म्हटलं, मिळू दे. मग तिने डोळे मिटले आणि मी तिथेच बसून तिच्याकडे पाहत राहिलो. तिच्या भुवईच्या वर एक तीळ आहे. दहा वर्षांत तो मी कधी पाहिला नव्हता, फोटोंवर आला की डाग समजून खरडून काढत होतो.

रऊफ आला होता. फळं घेऊन. दाराशीच बसला, आत आला नाही.  

सोमवार, १४ मार्च

पहाटे गेली.

बायका जमल्या. तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला, ओटी भरली. एकजण म्हणाली, "भाग्याची! अहेव गेली." दुसरी म्हणाली, "नवऱ्याच्या आधी जायले पुण्य लागते." मग पिवळ्या चेहऱ्याला आणखी हळद लावली. मी तिथून उठून बाहेर आलो.

रविवार, २७ मार्च

काल तेरावा झाला. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. मी २२ फेब्रुवारीचा जुन्या प्लेटीवरचा छाप नेला होता. करडे डोळे, बसलेले गाल. मला वाटलं, निदान आता तरी तिचा खरा चेहरा असावा.

सासूबाईंनी तो पाहिला आणि फेकून दिला. "ही माझी लेक नाही! माझी गोदी ही हाये," म्हणून देवाजवळचा फोटो छातीशी धरला. तोच गुलाबी गालांचा, मी रंगवलेला.

हरिहरने फेकलेला छाप उचलला. मग आईच्या हातातला हळूच सोडवून घेतला आणि दोन्ही शेजारी धरले. बराच वेळ पाहत होता.

"मोरोपंत, हा तुमी आम्हाले आणून दाखवला तेव्हा, त्याच आठवड्यात जुन्या प्लेटीवरचाही काढला होता ना?"

"हो."

"तो असाच आला होता?"

"याच्यापेक्षा थोडा बरा. पण असाच."

"तो तुमच्या पिशवीत होता?"

"होता."

त्याने दोन्ही फोटो खाली ठेवले. म्हणाला, "मी त्या दिवशी धोतर-टोपी घालून तयार होतो हो तुमच्यासंग याले." एवढंच. भिंतीवर गुलाबी गालांचा लागला. मला कोणी जेवायला वाढलं नाही आणि मीही पाटावर बसलो नाही.

मंगळवार, १२ एप्रिल

बापूसाहेब येऊन गेले. एजन्सी मला. रऊफने आपले छाप पाठवलेच नाहीत म्हणे. बापूसाहेबांना नव्या फिल्मवरचे छाप फार आवडले. एक स्वतःच निवडून मोठा करून घेतला आणि दुकानाच्या दर्शनी काचेत उभा केला. "काय टवटवीत चेहरा आहे! बाई कोण?"

मी सांगितलं. ते ओशाळले, टोपी काढली, दोन मिनिटं उभे राहिले. फोटो मात्र काचेतच राहिला. मी काढा म्हणालो नाही. का म्हणालो नाही, ते मलाही नीट सांगता येत नाही. तिला पाहून गिऱ्हाईक येतं, हेही एक कारण आहे. खोटं कशाला लिहू?

शुक्रवार, २२ एप्रिल

उन्हाने दुपारी धुण्याचं पाणी इतकं तापतं की फिल्मवरचा लेप सुटतो. काम सकाळीच उरकावं लागतं.

आज उघडल्या उघडल्या दर्यापूरची एक बाई लेकीला घेऊन आली. पोरीचं नाव शालू, सोळाएक वर्षांची, स्थळाला दाखवायला फोटो हवा. बाई म्हणाली, "काचीत ते बाई हाये ना, तशी गोरी नं ताजी दिसली पायजे आमची पोरगी. त्याच फिलमीवर काढा."

मी फिल्म भरली. पोर खुर्चीत बसली. काळ्या कापडाखाली गेलो. काचेवर ती उलटी दिसत होती. चेहरा बारीक, डोळ्यांखाली सावली. प्रवासाने असेल. उन्हाने असेल. रात्रीची झोप नसेल. मी कापड दूर केलं.

"इकडे ये जरा," मी म्हटलं, आणि तिला मागच्या दाराने अंगणात नेलं. तिथे ऊन लख्ख होतं. तिचं तोंड वर केलं आणि अंगठ्याने डोळ्याखालची पापणी ओढली.

पोर किंचाळली. आई धावत आली. "हात काहून लावला? फोटो काढाले आलो का तुमच्या घरात याले? लाज नाही वाटत, एवढे मोठे झाले तं?" मी सांगू लागलो की फोटोत दिसत नाही, उन्हात पाहावं लागतं, मी फक्त पाहत होतो. ती काय ऐकते! पोरीला ओढत घेऊन गेली. रस्त्यात उभी राहून चार लोकांना सांगितलं. समोरच्या पानवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. उद्यापर्यंत अंबागेटपर्यंत जाईल. आता बायकामुली माझ्या दुकानात पाऊल टाकायच्या नाहीत.

पोरीचे डोळे पांढरे होते, दोन्ही, अगदी स्वच्छ. मी दार लावून घेतलं.